प्लॉटवरची वेडी बाभूळ, गाजर गवत, हरळी आणि लव्हाळा: कायमचा बंदोबस्त कसा करावा?

होटगीरोडकर (धागाकर्ता), ६ जून
नमस्कार मंडळी. सोलापुरात होटगी रोडला वडिलांनी घेऊन ठेवलेला तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे. दिवाळीनंतर बांधकाम काढायचंय. मागची पट्टी आईच्या परसबागेला, हे घराचा नकाशा व्हायच्या आधीच ठरलंय. कित्येक वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही, त्यामुळे आजची अवस्था अशी: कुंपणाच्या कडेनं वेडी बाभूळ, मनगटाएवढ्या खोडांची. मधे गाजर गवत. आणि मागच्या पट्टीत, जिथे शेजारच्या सांडपाण्याचा ओघळ यायचा, तिथे हरळी आणि लव्हाळा यांचं राज्य. मधे एकदा भावानं जेसीबी लावून सगळं सपाट करून घेतलं होतं. पावसाळा संपता संपता पहिल्यापेक्षा दाट उगवलं.

शेजारच्या आजोबांना दमा आहे, गाजर गवत फुलावर आलं की त्यांना फार जड जातं. त्यामुळे नुसतं दिसायला वाईट एवढाच विषय नाही. जिथे भाजी पिकवून खायची तिथे विष मारायचं नाही, असं माझं ठाम मत आहे. पण भेटेल तो सांगतो की औषधाशिवाय लव्हाळा जात नाही. आपल्या काळ्या मातीत, आपल्या उन्हात ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शेळगीचा_पोरगा
काय ओ, लव्हाळा जातंय व्हय कुठं? माणूस गाव सोडतंय, लव्हाळा नाही सोडत. 😀

निवृत्त_कृषिसहायक
धागाकर्ते, तुम्ही चार तणं एका ओळीत लिहिली आहेत, पण त्यांचे स्वभाव चार तऱ्हेचे आहेत. एकच उपाय चौघांना लावलात तर एकही जाणार नाही. जेसीबीनं नेमकं तेच झालं.

गाजर गवत फक्त बियांपासून येतं. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि उगवल्यापासून महिन्याभरात फुलायला लागतं. म्हणजे फुलाआधी उपटलं की त्या झाडाचा विषय संपला. जमिनीतलं जुनं बी मात्र काही वर्षं उगवत राहणार.

हरळी जमिनीवर धावते आणि जमिनीखाली काशा, म्हणजे पेरांची आडवी खोडं, सोडते. काशीचा पेर असलेला तुकडा राहिला की पुन्हा हरळी. जेसीबीच्या बकेटनं तुकडे केले आणि सगळ्या प्लॉटभर लावून दिले, असं समजा.

लव्हाळ्याचं सगळं भांडवल गाठीत असतं. वरचं पातं उपटलं की खालचा बारीक पांढरा दोरा तुटतो आणि गाठ तशीच राहते. खुरप्याऐवजी कुदळ घ्या आणि एकदा सावकाश खणून बघा. बोराच्या बीएवढी काळपट गाठ सापडेल, तिला दोऱ्यानं जोडलेली दुसरी, तिच्याखाली तिसरी. वरच्या गाठीला कोंब असेपर्यंत खालच्या झोपून असतात. साखळी तुटली की त्या जाग्या होतात. म्हणून अर्धवट खुरपलं की लव्हाळा वाढल्यासारखा वाटतो.

वेडी बाभूळ बुंध्यातून फुटते. जमिनीबरोबर कापली तर एका खोडाची दहा खोडं.

बार्शीची_माहेरवाशीण
कृषिसहायक काका, फार छान समजावलंत. लव्हाळ्याची ती गाठ वास घेऊन बघा, मातकट सुगंध येतो. आमच्या आजी त्याच गाठी वाळवून उटण्यात घालायच्या, मोथा म्हणून. दिवाळीला बांधकाम आणि उटणं दोन्ही होईल.

काळीमाती
माझी शेती उत्तर सोलापूरला. अनुभवाचं सांगतो, हरळीवर उन्हाळी नांगरटीसारखा उपाय नाही. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरायचं, ढेकळं उलटी पडू द्यायची, आपल्याकडचं चाळीस-बेचाळीसचं ऊन काशांना वाळवून टाकतं. मग वेचून बांधावर टाकायच्या नाहीत, हे महत्त्वाचं. बांधावर टाकलेली काशी पहिल्या पावसात मुळं धरते. ढीग करून खडखडीत वाळवायचा. तुमचा यंदाचा मे गेला. मृग निघालंय, आता उकरायला जाल तर चिखलात काशा आणखी रुततील. पहिले पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की मगच टिकाव लावा.

मीठमिरची
सोप्पा उपाय. पोतंभर जाडं मीठ पाण्यात विरघळवून मारा, सगळं जळतं. आमच्या कॉलनीत रस्त्याकडेच्या गाजर गवतावर मारतात. कृषी विद्यापीठं पण सांगतात.

बिनविषारी
मीठमिरची, मला हे पटत नाही. शिफारस आहे हे खरं. पडीक जागेत, फुलाआधीच्या गाजर गवताच्या पानांवर १५ ते २० टक्के मिठाचं द्रावण फवारायचं. पण ते पडीक जागेसाठी आहे. इथे घर आणि परसबाग होणार आहे. काळ्या मातीत सोडियम गेलं की चिकणमातीचे कण विस्कटतात, माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगड, पाणी मुरत नाही. आपल्या भागात बोअरच्या क्षारांनी आधीच चोपण झालेल्या जमिनी पाहिल्यात ना? वर मीठ पायाच्या खड्ड्यात उतरलं तर सळया गंजतात. पोतंभर तर सोडाच, वाटीभरही टाकू नका.

मीठमिरची
बांधकामाचा मुद्दा मान्य. पण रस्त्याच्या कडेला, गटाराच्या पलीकडे मारायला काय हरकत आहे? रोज उपटायला माणसं कुठून आणायची?

बिनविषारी
तिथेही उपटणं बरं, पण तिथे मी भांडणार नाही.

डॉक्टरीणबाई
गाजर गवताबद्दल एक विनंती. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकातोंडावर रुमाल असल्याशिवाय हात लावू नका, आणि कामाला लावलेल्या बायकांनाही हे सगळं तुम्ही द्या. बहुतेक वेळा त्या साडीचा पदर तोंडाला लावून उघड्या हातांनी उपटत असतात. याच्या स्पर्शानं होणारा त्वचेचा दाह चिवट असतो. मान, पापण्या, कोपराची आतली बाजू लाल होते, खाज थांबत नाही आणि एकदा अंगाला ॲलर्जी बसली की पुढे नुसत्या वाऱ्यानं आलेल्या कणांनीही उमटते. परागकणांनी दमा वाढतो, त्यामुळे शेजारच्या आजोबांचं म्हणणं अगदी खरं आहे. ज्याला आधीच पुरळ येतं त्यानं या कामात उतरूच नये. आणि वाळलेलं गाजर गवत पेटवू नका, वस्तीत धूर करून दम्याच्या माणसाला आणखी त्रास द्याल.

सातरस्ता
हे गवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं ना? मिलोबरोबर, म्हणजे त्या लाल ज्वारीबरोबर? आमचे वडील याला काँग्रेस गवतच म्हणायचे.

निवृत्त_कृषिसहायक
तसं सर्वत्र सांगितलं जातं. भारतात ते ठळकपणे नोंदलं गेलं १९५५-५६ च्या सुमारास, तेही पुण्यात. त्याचं मूळ अमेरिका खंडातलं. त्याच्यावर तुटून पडणारा भुंगा मेक्सिकोहून १९८४ मध्ये बंगळूरला आणून सोडला, त्याला आपण मेक्सिकन भुंगा म्हणतो. पांढुरक्या पाठीवर तपकिरी वेलांट्या असतात. पावसाळ्यात नीट पाहिलंत तर सोलापुरातही गाजर गवतावर दिसेल. पानं खाऊन काड्या ठेवतो. उन्हाळ्यात जमिनीत जाऊन बसतो. प्लॉट साफ करायला त्याच्यावर विसंबू नका, पण दिसला तर त्यावर कीटकनाशक मारू नका, एवढं तरी करा.

शेळगीचा_पोरगा
म्हणजे फुकटचा बिगारी हाय की. जेवण बी स्वतःचं स्वतः बघतंय.

माळरान
वेड्या बाभळीबद्दल लिहितो, कारण ती मला सगळ्यात जास्त खुपते. ही आपली देशी बाभूळ नव्हे. इंग्रजांच्या काळात, १८७० च्या दशकात बाहेरून आणलेलं झाड आहे. शेंगा गोड, शेळ्यामेंढ्या आवडीनं खातात आणि लेंडीतून बी सगळीकडे जातं. माळावर ती शिरली की गवत संपतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा परिसर ज्यांनी पाहिला असेल त्यांना कळेल. माळढोकाला मोकळं, बुटकं गवत लागतं, लांबवर नजर पोचली पाहिजे. "झाड लावलं म्हणजे निसर्ग वाचवला" असं सरसकट नसतं. उघड्या माळावर बाहेरची झाडं लावणं म्हणजे माळाचा जीव घेणं. विषयांतर झालं, पण राहवत नाही.

मूळ प्रश्नाकडे. एक, शहर हद्दीत झाड तोडायचं तर १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. काटेरी झुडूप आहे, काय होतंय, असं म्हणून कुऱ्हाड लावू नका. दोन, नुसती कापू नका. बुंध्याभोवती फूटभर खाली खणायचं, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं त्या गड्ड्यासकट काढायची. फुटवे त्या गड्ड्यातून येतात. खालचं सोटमूळ राहिलं तरी चालतं. पहार आणि दोन माणसं. पाऊस पडल्यावर माती सैल असते तेव्हा निम्म्या कष्टात होतं.

बिगारी_ते_बिल्डर
बरोबर. आमच्या साइटवर कुणीतरी बुंध्यांवर डिझेल ओततो, कुणी जळकं ऑइल. बाभूळ फुटते ती फुटतेच आणि बोअरच्या पाण्याला वास सुटतो. गड्डा काढणं हाच खरा उपाय. जिथे कंपाउंडच्या भिंतीला चिकटून आहे आणि खणता येत नाही, तिथे ताज्या कापावर, कापल्या कापल्या, ब्रशनं तणनाशक लावतात. दुसऱ्या दिवशी लावलं तर उपयोग नाही, तोवर काप सुकलेला असतो.

आणि हो, काटे. साध्या चपलेतून आरपार जातात, ट्रॅक्टरचं टायर पंक्चर होतं. फांद्या पडतील तशा पडू देऊ नका, लगेच एका बाजूला ओढा. तोडलेला माल कोळसेवाले नेतात, कधी कधी तोडणीही करून देतात. विचारून बघा.

अनिताताई_जुळेसोलापूर
साफ करायच्या आधी साप बघा हो! आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटमधून घोणस निघाली होती. काठी आपटत, गमबूट घालून जा. पहाटे-अंधारात काम नको. निघालाच तर मारू नका, सर्पमित्राला फोन करा. त्या प्लॉटची तक्रार आम्ही दोनदा केली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी गल्लीतल्या आम्हीच वर्गणी काढून साफ करून घेतला.

फवारणीवाला_मोहोळ
एवढं सगळं खणण्यापेक्षा ग्लायफोसेट मारा ना. हरळी, लव्हाळा, दोन्ही मुळापासून जातात. उसात आम्ही लव्हाळ्याला हॅलोसल्फ्युरॉन वापरतो, ऊस हिरवागार राहतो आणि लव्हाळा पिवळा पडतो. औषधाला उगाच बदनाम करू नका. मजूर मिळत नाहीत हे शहरात बसून कळत नाही.

बिनविषारी
दादा, उसातलं ऊसवाल्यांनी बघावं. इथे आई मेथी-कोथिंबीर लावणार आहे. जे औषध उसासाठी आहे ते भाजीच्या वाफ्यात कशाला? आणि ग्लायफोसेटचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय.

निवृत्त_कृषिसहायक
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण कायदा आधी समजून घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली, त्यानुसार ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकानं वापरायचं. दुकानातून बाटली आणून स्वतः मारणं त्यात बसत नाही.

परवानाधारकाकडून करून घ्यायचंच असेल तर ते कधी चालतं हेही माहीत असावं. वाढत्या, हिरव्यागार पानांवर मारलं तरच ते खाली गाठीपर्यंत उतरतं. धूळ बसलेल्या, पाण्याविना सुकलेल्या पानांवर मारणं म्हणजे पैसे वाया. गढूळ पाण्यात त्याची ताकद मातीच्या कणांना चिकटून संपते. आपलं बोअरचं जड पाणीही त्याला निम्मं करतं, त्यातलं कॅल्शियम ते धरून ठेवतं. म्हणून लोक आधी अमोनियम सल्फेट टाकतात. "औषध डुप्लिकेट होतं" या तक्रारींतल्या कित्येक पाण्याच्या असतात.

पॅराक्वाट नावाचं दुसरं एक मिळतं, दोन दिवसांत सगळं करपवतं म्हणून लोकांना आवडतं. ते फक्त वरचं जाळतं, लव्हाळ्याच्या गाठीला धक्काही लागत नाही. आणि पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घरात मुलंबाळं असताना ते आणू नका, पाण्याच्या बाटलीत काढून ठेवणं तर कधीच नको. हे मी पोटतिडकीनं लिहितोय, समजून घ्या.

द्राक्षबाग_नान्नज
एक भर घालतो. टू-फोर-डी हे तणनाशक मारणारे शेजारी नकोत! वाऱ्यानं उडालेला फवारा द्राक्षाच्या कोवळ्या पानावर पडला की पान पंख्यासारखं चुरमडतं, घडाचं नुकसान होतं. त्याच पंपानं नंतर टोमॅटोला औषध मारलं तरी तेच. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. भाड्यानं आणलेल्या पंपात आधी काय होतं हे विचारल्याशिवाय आपल्या झाडांवर फवारू नका.

शेंगाचटणी
तोवर घोळ, तांदुळजा, पाथरी या रानभाज्यांना तरी उपटून टाकू नका हो, प्लॉटमध्ये नक्की असतील. पाथरी कच्चीच, कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर... (सांडपाण्याच्या ओघळातली मात्र नको.)

विडीघरकुल
शेंगाचटणी, कुठल्याही धाग्यात जेवण आणल्याशिवाय तुमचं भागत नाही. 😄 पण घोळाच्या भाजीला माझंही अनुमोदन.

गच्चीबाग_विजापूररोड
बिनविषारी मार्गानं लव्हाळा आटोक्यात आणता येतो. मी आणलाय, म्हणून लिहिते.

लव्हाळा आणि हरळी दोघांनाही कडक ऊन लागतं. सावली हा त्यांचा शत्रू. बाजारात पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवायची पद्धत सांगतात. भर उन्हाळ्यात, ओल्या मातीवर, कडा मातीनं बंद करून चार ते सहा आठवडे. त्यानं गाजर गवतासारख्यांचं वरच्या थरातलं बी चांगलं मरतं, पण लव्हाळ्याच्या खोल गाठींना ते पुरेसं पडत नाही. आणि पातळ काळ्या कागदाला तर लव्हाळा सुईसारखा भोक पाडून वर येतो, स्वतः पाहिलंय.

मी काय केलं, तर जुने फ्लेक्स आणले. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, सोलापुरात फ्लेक्सला काय तोटा! वाफसा असताना पट्टी फूटभर कुदळून जेवढ्या गाठी आणि काशा हाताला लागतील तेवढ्या चाळून काढल्या. मग फ्लेक्स दुहेरी अंथरून कडेला दगड-माती. एक मोसम झाकून ठेवलं. मधे मधे उचलून बघायचं, खाली पिवळे कोंब आलेले दिसतात. ते कोंब काढले की गाठीचं साठवलेलं अन्न संपत जातं. वर पाणी साचू देऊ नका, डास होतात. झाकण काढलं की जमीन उघडी ठेवायची नाही, लगेच दाट ताग पेरला. ताग भराभर वाढून सावली धरतो, फुलावर आला की तिथेच गाडायचा. पुढच्या मोसमात लव्हाळा आला, पण तुरळक. तेव्हा मात्र चार-पाच पानं होण्याआधी गाठीसकट काढत राहिले. नवी गाठ बांधायला वेळच द्यायचा नाही. कायमचा गेला असं म्हणणार नाही, पण आता तिथे वांगी आणि भेंडी निघते.

शेळगीचा_पोरगा
ताई, फ्लेक्स कशाला, सोलापुरी चादर अंथरा की. लव्हाळा बी झोपंल निवांत.

गच्चीबाग_विजापूररोड
😄 चादरी पाहुण्यांना द्यायला ठेवल्यात.

काळीमाती
गच्चीबागताईंचं बरोबर आहे, फक्त आणखी एक. तण बाहेरून आणू नका. भरावाचा मुरूम, वाळू, अर्धवट कुजलेलं शेणखत, नर्सरीतल्या पिशव्या, या सगळ्यांतून येतं. नर्सरीच्या पिशवीत लव्हाळ्याचं एक पातं दिसलं तरी ते रोप नको. शेणखत काळं, भुसभुशीत, बिनवासाचं झालेलंच घ्या.

होटगीरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समोर बसवून सांगितलं नसतं. उद्यान विभागात अर्ज देतोय. एक शंका: मधला भाग बांधकामात जाणार, पण कुंपणाबाहेर रस्त्यापर्यंतची जागा रिकामीच राहणार. तिथलं गाजर गवत दर वर्षी उपटत बसायचं का?

निवृत्त_कृषिसहायक
तिथे तरोटा येऊ द्या, म्हणजे टाकळा. पावसाळ्याच्या तोंडावर दाट बी विस्कटलं की तो आधी उगवून गाजर गवताला दाबतो. कोवळ्या पाल्याची भाजीही होते. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत निर्मूलनाचा सप्ताह असतो, जबलपूरचं तण संशोधन संचालनालय तो देशभर राबवतं. त्या आठवड्यात गल्लीतली पोरं गोळा करून उपटणी घ्या. पण पोरांना हातमोजे हवेत, वर डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय.

होटगीरोडकर, २४ ऑगस्ट
धागा वर काढतोय. परवानगी मिळाली, बाभळी गड्ड्यासकट निघाल्या. भिंतीला चिकटलेल्या दोन तेवढ्या राहिल्यात, त्यांचे फुटवे आई रोज कात्रीनं कापते. गाजर गवत फुलाआधी दोन वेळा उपटलं, तिसऱ्यांदा उगवतंय पण विरळ. सप्ताहात गल्लीतले वीसेक जण आले, शेजारच्या आजोबांनी सगळ्यांना चहा पाजला. मागच्या पट्टीवर फ्लेक्स आहे. काल उचलून पाहिलं तर हरळी पांढरी पडलीय, लव्हाळ्याचे कोंब मात्र अजून जोरात आहेत. आता ताग पेरावा की थांबावं?

गच्चीबाग_विजापूररोड
थांबा. कोंब जोरात आहेत म्हणजे गाठीत अजून अन्न आहे. ते कोंब काढा आणि पुन्हा झाका. ताग पुढच्या मृगात.

निवृत्त_कृषिसहायक
सहमत. आणि भिंतीजवळच्या बाभळीचे फुटवे कात्रीनं कापू नका, हातानं खाली ओढून मुळाशी उचकटून काढा. हातमोजे घालून. कापला की दोन येतात.

होटगीरोडकर
ठीक, तसंच करतो. तरोट्याचं बी कुठे मिळेल? दुकानात विचारलं तर हसले.

अनिताताई_जुळेसोलापूर
दुकानात कशाला, आमच्या मागच्या प्लॉटवर उदंड आहे. शेंगा वाळून तडकायच्या आत, ऑक्टोबरच्या शेवटी काढते. पिशवी घेऊन या, व्यक्तिगत निरोपात पत्ता देते.